बॅटरी नवी, तरी गाडी ‘टक-टक’ : सेल्फ बदलण्याआधी काय मोजायचं

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परभणीचे, शाळेत शिक्षक. सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. आठवडाभर घरासमोर उन्हात उभी असते, रविवारी बाजारापुरती निघते, कधीमधी गावाकडे जाते. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘टक-टक-टक’ होतं आणि मीटरवरचे दिवे मंद होतात. धक्का मारला की लगेच सुरू होते, मग दिवसभर तक्रार नाही. एक वायरमन म्हणतो सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला, दुसरा म्हणतो डायनामो (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा, म्हणजे अल्टरनेटर) चार्ज करंना गेलाय. शिवाय रेल्वे फाटकावर एसी लावून थांबलं की टेंपरेचरचा काटा वर सरकतो, गाडी पळायला लागली की खाली येतो. पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायचंय, तर सेल्फ बदलू की डायनामो?

दोन्ही नको, निदान आत्ताच नको. तुमच्या सबंध मजकुरात दोन बॅटऱ्या आहेत, दोन वायरमन आहेत, पण व्होल्टचा एकही आकडा नाही. म्हणजे आजवर जे झालं ते अंदाजपंचे. बॅटरी हा बदलायला सगळ्यात सोपा माल. दहा नंबरचा पाना हातात घेतला की पाच मिनिटांचं काम. नवी बसवली की काही महिने गाडी गुमान चालते आणि मूळ दुखणं जिथल्या तिथं राहतं. लातुरात माझं गॅरेज आहे, त्यात निम्मं काम वायरिंगचंच येतं. ‘बॅटरी बदलून झाली, तरी…’ अशी सुरुवात करत जी गाडी येते, तिची बॅटरी बहुतेक वेळा मार खाणारी असते. मारणारा दुसराच कुणीतरी असतो.

गाडी समोर नसताना छातीठोक सांगता येत नाही, पण तुम्ही दिलेल्या खुणा चांगल्या आहेत. धक्क्यावर लगेच सुरू होते म्हणजे पेट्रोल, स्पार्क, सेन्सर या बाजूला काही नाही. तिकडे पैसे घालू नका. ‘टक-टक-टक’ अशी भराभर आणि दिवे मंद, म्हणजे सेल्फला पुरेसा करंट पोचत नाही. दिवे लख्ख राहून एकदाच ‘टक’ झालं असतं, तर मीही आधी सेल्फकडेच बघितलं असतं. काहीच आवाज नसता तर क्लचचा स्विच, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) किंवा चावीचा इमोबिलायझर (चोरीपासूनचं इलेक्ट्रॉनिक कुलूप) बघावा लागला असता. तुमच्या बाबतीत दोनच मोठ्या शक्यता उरतात. गाडी उभी असताना कुठेतरी करंट झिरपतोय, नाहीतर बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत एखादा जोड कच्चा आहे. दोन्ही एकाच गाडीत निघाल्याचंही पाहिलंय.

हे वेगळं करायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात पाचशेच्या आसपास मिळतो, दोन बॅटऱ्यांपुढे काहीच नाही. पहिलं माप सकाळी, गाडीला हात लावण्याआधी. आदल्या रात्री बॉनेटचा खटका ओढून ठेवा, म्हणजे सकाळी दार उघडावं लागणार नाही. दार उघडलं की आतले दिवे आणि कॉम्प्युटर जागे होतात. मीटर डीसी २० व्होल्टवर लावा आणि टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेका, वरच्या पितळी क्लॅम्पवर नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

१२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ किंवा त्याखाली आली असेल तर ती जवळजवळ रिकामी, मग ती कालची नवी का असेना. तुमचं निम्मं उत्तर या एका आकड्यात आहे.

समजा १२.५ च्या वर दिसलं आणि तरीही गाडी टक-टक करतेय. मग टोकं खुंटांवर तशीच धरून घरातल्या कुणालातरी चावी फिरवायला सांगा. सेल्फ ओढत असताना चांगली बॅटरी ९.६ च्या खाली जायला नको, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर १० च्या वरच राहायला हवी. आकडा धाडकन सात-आठवर आला तर बॅटरी आतून गेलेली आहे किंवा सेल्फ जाम होऊन भलताच करंट ओढतोय. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून मिळते, त्यात ते कळतं. पण चावी फिरवूनही आकडा १२ च्या आसपासच रेंगाळला, तर बॅटरी द्यायला तयार आहे आणि करंट वाटेत अडलाय. मला तुमच्या गाडीत याचाच संशय जास्त आहे.

इथे बरेच वायरमन टेस्ट लॅम्प लावतात, तो छान पेटतो, आणि ‘वायरिंग ओके’ म्हणून सेल्फ खोलतात. हिशोब बघा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०२ ओहम रोध असेल, तर दीडशे अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. टेस्ट लॅम्पचा छोटा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे त्याला त्या जोडात ०.०१ व्होल्टही कमी पडत नाही. तो हसतमुखाने पेटतो आणि सेल्फ उपाशी राहतो. मीटरच्या ओहम रेंजवरही ०.०२ दिसत नाही, साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून जोड तपासायचा तर भार चालू असतानाच तपासायचा.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. रंग किंवा तेलकट थर नको, एखादा स्वच्छ बोल्ट बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात-ओढणी लांब. आता चावी फिरवायची. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीपर्यंतची वाट, ठणठणीत. ०.५ च्या वर गेला तर चोर या बाजूला आहे. मग टोक एकेक जोड पुढे सरकवत जा: खुंटावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर), लगवरून गिअरबॉक्सच्या बोल्टवर. ज्या जोडापाशी आकडा उडी मारतो, तोच. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच, खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथे ०.५ पर्यंत चालवून घेतो.

आता तुमच्या गाडीत बघायची एक गोष्ट. बॅटऱ्यांचे खुंट जाड आणि बारीक अशा दोन मापांत येतात. तुमच्या गाडीचे क्लॅम्प जाड खुंटाचे आणि बॅटरी बारीक खुंटाची बसली असेल, तर नट कितीही आवळला तरी क्लॅम्प धरत नाही. मग दुकानदार फटीत खिळा ठोकतो, नाहीतर पत्र्याची पट्टी किंवा तांब्याच्या तारेचे वेढे घालतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत तर स्क्रूच पिळून बसवला होता, शिसं फाटलेलं, भोवती हिरवट-पांढरी भुकटी. असला जोड पहिले दोन महिने चालतो. हाताने क्लॅम्प पिळून बघा. जरासुद्धा फिरला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तो नीट करा. त्यासाठी तयार शिशाच्या टोप्या मिळतात, नाहीतर क्लॅम्पच बदला.

भुकटी धुवायला गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फेस येईल. बॅटरीला टोपणं असतील तर ती घट्ट लावून घ्या, सोडा आत जायला नको. मग पॉलिश पेपरने खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकवा, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. खोलताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगीचा जाळ होतो, चार्ज झालेल्या बॅटरीपाशी हायड्रोजन असतो, तो पेट घेतो. बॅटरीकडून गिअरबॉक्सवर येणारी काळी केबलही खालून बघा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथे थापला जातो आणि सुकला की महिनोन्महिने ओल धरून ठेवतो. बोल्ट काढून लग घासला की पुष्कळदा काम फत्ते.

दुसरी बाजू घेऊ. सकाळी आकडा ११.८ आला. मग जोड बाजूला ठेवा, बॅटरी रिकामी का झाली ते शोधायचं. आधी चार्जिंग. धक्का मारून किंवा जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायची केबल) लावून गाडी सुरू करा आणि चालू इंजिनवर खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ यायला हवं. हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावल्यावरही साडेतेराच्या आसपास टिकायला हवं. १२.५ वरून हलतच नसेल तर डायनामोचा पट्टा, कार्बन (आत घासून करंट पोचवणारे छोटे ठोकळे), कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) यांपैकी काहीतरी आहे आणि तुमचा दुसरा वायरमन बरोबर. १५ च्या वर जात असेल तर कटआऊट गेलाय आणि तोच बॅटरी उकळून मारतोय. अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो. त्यात बॅटरी भरलेली असताना १३ च्याही खाली दिसू शकतं. अशा वेळी हेडलाइट लावून पुन्हा बघा, वर चढलं तर डायनामो ठीक आहे.

एक हात जोडून विनंती. ‘चालू गाडीत टर्मिनल काढू, बंद पडली तर डायनामो गेला’ ही जुनी परीक्षा तुमच्या गाडीवर कुणालाही करू देऊ नका. कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाड्यांत ती खपून जायची. आता बॅटरी सुटली की डायनामोचा व्होल्टेज क्षणात उसळतो आणि इंजिनचा कॉम्प्युटर किंवा खुद्द डायनामोचा कटआऊट मरतो. डायनामो चांगला आहे हे तपासण्याच्या नादात दहा-वीस हजारांचा खड्डा.

चार्जिंग बरोबर असेल तर मग झिरपणारा करंट. गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, कॉम्प्युटरची आठवण यांना थोडा करंट लागतोच. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. तुमची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची असेल, म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर करंट ३५ तास देणारी. ४० मिलिअँपिअरने सहा दिवसांत जवळपास ६ अँपिअर-अवर जातात. रविवारी दहा मिनिटं बाजारात जाऊन, तेही एसी लावून, हे भरून निघत नाही. दर आठवड्याला थोडी थोडी तूट साठत जाते. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना, नुसत्या वापराच्या पद्धतीनेच बॅटरी अर्धपोटी राहते. आणि अर्धी रिकामी बॅटरी दिवसेंदिवस तशीच उभी राहिली की पाट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो, मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही.

त्यात कुणी डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिकचा अँप्लिफायर थेट बॅटरीवर जोडला असेल तर विचारूच नका. अडीचशे मिलिअँपिअर म्हणजे रोजचे ६ अँपिअर-अवर. शनिवारपर्यंत बॅटरी रिकामी. तुम्ही नंतर काय काय बसवून घेतलं ते लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. बाहेरून बसवलेलं काहीही असेल तर त्याचा फ्यूज दोन रात्री काढून ठेवा आणि सकाळचा आकडा बघा. ही सगळ्यात स्वस्त तपासणी.

तेवढ्याने नाही सापडलं तर फ्यूज बॉक्स. गाडी लॉक करून चावी घरात ठेवा, बॉनेटचा बॉक्स उघडा, आणि अर्धा तास थांबा, तोवर कॉम्प्युटर झोपतात. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर लावून त्या दोन ठिपक्यांवर टोकं टेकवा. शून्य आलं तर त्या वायरीत करंट नाही. काही अंश मिलिव्होल्ट जरी आलं तरी तिथून करंट वाहतोय, आकडा जितका मोठा तितकं त्या वायरीकडे लक्ष. फ्यूज उपटत बसलात तर झोपलेले कॉम्प्युटर पुन्हा उठतात आणि माप फसतं. आतल्या फ्यूज बॉक्ससाठी दार उघडं ठेवावं लागतं, तेव्हा दाराच्या कुलुपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलून बसवा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. पुन्हा उघडताना आधी हँडल ओढायला विसरू नका. डिकीचा दिवा न विझणं हे बऱ्याचदा निघणारं कारण. फोन आत ठेवून, रेकॉर्डिंग चालू करून डिकी लावा, कळून जाईल.

ऊन हा वेगळाच विषय आहे. लोकांना वाटतं बॅटरीला थंडी मारते. थंडीत ती उघडी पडते, मरते उन्हाळ्यात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज ढोबळमानाने दुप्पट होते. परभणी-नांदेडकडे मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, बॉनेटखाली त्याहून बरंच जास्त. काही गाड्यांना बॅटरीभोवती जाड कापडी किंवा प्लॅस्टिकचं वेष्टण कंपनीकडूनच येतं. नवी बसवताना दुकानदार ते काढून ठेवतो आणि तिथेच विसरतो. तुमचं आहे का बघा. बॅटरी दाबून धरणारी पट्टी आवळलेली आहे का हेही बघा. आपल्या रस्त्यांवर हलती बॅटरी टिकत नाही. टोपणाची असेल तर पाणी डिस्टिल वॉटरच, घरच्या आरओचं नाही, बोअरचं तर नाहीच.

आता टेंपरेचरचा काटा. थांबल्यावर चढतो आणि पळाल्यावर उतरतो, म्हणजे रेडिएटरला (इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला) थांबल्यावर हवा मिळत नाही. पळताना ती आपोआप मिळते. उलट असतं, म्हणजे घाटात किंवा हायवेला चढला असता, तर मी कूलंट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप), रेडिएटरचा चोक याकडे गेलो असतो. फाटकावर थांबल्यावर एसीची हवाही कोमट होते का, हे आठवून बघा. होत असेल तर थांबल्यावर हवा कमी पडतेय यावर शिक्कामोर्तब, आधी पंखा बघायचा.

एसी लावून बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरतो. फिरतच नसेल तर फ्यूज बघा, मग रिले. अनेक गाड्यांत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले सारखाच असतो, अदलाबदल करून लगेच कळतं. काठीने मोटरला टिचकी मारल्यावर फिरायला लागला तर कार्बन संपलेत. आणि फिरतोय पण दमल्यासारखा, तर मघाचं अर्थिंग आठवा. गाडी चालू असताना पंख्याचा करंट बॉडीतून आणि त्याच काळ्या केबलमधून इंजिनकडे, म्हणजे डायनामोकडे परत जातो. तो जोड कच्चा असेल तर सकाळी सेल्फ उपाशी आणि फाटकावर पंखा उपाशी. तुमची दोन्ही दुखणी एकाच बोल्टची असू शकतात. पंखा, हेडलाइट चालू ठेवून बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये मोजा. ०.२ च्या वर गेलं तर माझा अंदाज खरा.

पंखा जोरात फिरत असेल तर फटी बघा. पुढून एसीची जाळी स्वच्छ दिसते, त्यावर जाऊ नका. ती आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत आपल्याकडे कापसाचे तंतू, उसाच्या पाचटाचा भुगा आणि धूळ मिळून घोंगडीसारखा थर बसतो. टॉर्च मारून वरून डोकवा. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, नळाच्या दाबाने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पातळ पत्र्या वाकतात.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत असाल तर आजपासून बंद. आपल्या बहुतेक बोअरचं पाणी जड, किटली पांढरी होते तसंच आतल्या नळ्यांचं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा लोकांनी रेडिएटरला मिळेल ते टँकरचं पाणी घातलं. त्यातल्या काहींचे चोक झालेले रेडिएटर पुढे बरेच दिवस येत राहिले. तयार कूलंट घ्या, किंवा घट्ट कूलंट निम्म्याला निम्मं डिस्टिल वॉटर मिसळून. आणि कुणी ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, थंड राहील’ म्हणालं तर नाही म्हणा. इंजिन गारठलेलं राहतं आणि पेट्रोल जास्त पितं.

तुळजापूरला निघण्याआधी आठवडा आहे. आज क्लॅम्प आणि काळी केबल, उद्या सकाळचा आकडा, मग चार्जिंग, पंखा. बॅटरी रिकामी निघाली तर दुकानात रात्रभर हळू चार्जिंगला लावा, नुसतं गाडी फिरवून ती पूर्ण भरत नाही. जंपर केबल डिकीत टाका. जोडताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, चांगल्या गाडीच्या निगेटिव्हवरून शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब.

परळीहून अंबाजोगाईला चढताना काटा वर सरकला तर एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण लावा. घाम निघेल, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही तांबड्याकडे गेला किंवा वाफ दिसली तर कडेला घेऊन इंजिन बंद. झाकण तासभर उघडायचं नाही. आत पाणी शंभर अंशांच्या वर दाबाखाली असतं, उघडलं की तोंडावर येतं. इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, ओलं फडकं घालून झाकण हळू सैल करा. मग कूलंट ओता, तेही एकदम नाही, थोडं थोडं. तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं, आणि मग सेल्फ-डायनामोचा खर्च किरकोळ वाटेल.